वाक्य कुठे अडखळते

निबंधाची वही तपासून परत आली की तिच्यातली लाल शाई कुठे पडली आहे ते एकदा पाहावे. बहुतेक खुणा वेलांट्यांवर आणि उकारांवर असतात. आठवी-नववीच्या वहीत हमखास सापडावे असे हे वाक्य घ्या : 'सावित्रीबाईंनी जोतीरावांबरोबर १८४८ साली पुण्यात मुलींसाठी शाळा सुरु केले, जरी लोकांनी त्यांना त्रास दिला पण ती डगमगले नाही.' तपासणाऱ्याचा पेन 'सुरु'वर थांबतो, उकार दीर्घ करतो आणि पुढे जातो. शाळा 'केले' हे तसेच राहते. 'जरी'ला 'तरी' मिळत नाही. एकाच वाक्यात सावित्रीबाई आधी 'त्यांना' आणि लगेच 'ती' होतात, आणि शेवटचे क्रियापद यांपैकी कशाशीच जुळत नाही. समासात बरोबरची खूण असते.

विद्यार्थ्यांच्या लेखनातल्या वाक्यरचनेच्या चुका वर्षानुवर्षे त्याच राहतात. आपण त्या पाहत नाही हे त्याचे एक कारण. दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते : पाहिल्या तरी त्या का झाल्या हे आपण विचारत नाही. एकच चूक दोन मुलांच्या वहीत दोन वेगळ्या कारणांनी होते आणि तिथे एकच उपाय चालत नाही. या दोन्ही गोष्टी धरून, चुकांचे मुख्य प्रकार कोणते आणि त्या दुरुस्त कशा करायच्या याविषयी आजवर काय सांगितले गेले आहे, ते पाहू.

आपले लक्ष अक्षरांवर खिळले त्याला इतिहास आहे. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे व्याकरण १८३६ मध्ये आले, मोरो केशव दामल्यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ मध्ये. दामल्यांच्या ग्रंथात प्रयोगांची, म्हणजे कर्ता, कर्म आणि क्रियापद यांच्या नात्याची, भरपूर चर्चा आहे. पण सार्वजनिक वाद पेटले ते ऱ्हस्व-दीर्घांवर आणि अनुस्वारांवर. मराठी साहित्य महामंडळाने तयार केलेले चौदा नियम शासनाने १९६२ मध्ये स्वीकारले, १९७२ मध्ये त्यांत चार नियमांची भर पडली. हे अठरा नियम जवळजवळ सगळे शब्द कसा लिहावा याविषयी आहेत. पुढे अरुण फडके आणि यास्मिन शेख यांनी लेखनकोशाचे जे काम केले ते मोलाचे आहे आणि ते प्रत्येक शाळेत असायला हवे. मात्र कोश शब्दाचे रूप सांगतो. 'मुलगी आला' या दोन शब्दांतला एकही कोशाच्या दृष्टीने चुकलेला नाही. संगणकावरचा शब्द तपासणारा प्रोग्राम ते सोडून देतो, तोही याच कारणाने.

वाक्याचे व्याकरण शाळेत शिकवले जाते, पण बहुतेक ओळखण्यापुरते. 'पुढील वाक्याचा प्रयोग ओळखा' या प्रश्नाला पैकीच्या पैकी गुण घेणारा विद्यार्थी त्याच उत्तरपत्रिकेतल्या निबंधात 'आम्ही खूप झाडे लावले' असे लिहितो. दुसऱ्याच्या वाक्याला नाव देणे आणि स्वतःचे वाक्य सांभाळणे यांत पूल बांधण्याचे काम आपण केलेले नाही.

सर्वांत मोठा प्रांत मेळाचा आहे. क्रियापद कोणाशी जुळवायचे हा मराठीतला अवघड प्रश्न आहे, कारण त्याचे उत्तर काळाप्रमाणे आणि क्रियापदाप्रमाणे बदलते. 'मुलगी आंबा खाते' यात क्रियापद मुलीशी जुळते. 'मुलीने आंबा खाल्ला' म्हटले की ते आंब्याकडे वळते. 'मुलीने आंब्याला हात लावला' यात ते हाताशी बांधले जाते आणि 'मुलीने भावाला बोलावले' यात कोणाशीच नाही. शिवाय मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते. लिहिणारा तिथे पोचेपर्यंत ज्याच्याशी जुळवायचे ते नाम पाच-सात शब्द मागे पडलेले असते आणि मधल्या नामांनी त्याची जागा घेतलेली असते.

उदाहरणार्थ : 'गावातल्या तरुणांच्या शहराकडे जाण्याच्या ओढीमुळे शेतीची कामे करणाऱ्यांची संख्या दरवर्षी कमी होत चालले आहे.' कमी होते ती संख्या, म्हणून 'चालली आहे'. वाक्य तोंडी सांगताना हा विद्यार्थी चुकणार नाही, कारण तोंडी तो एवढे लांब वाक्य बोलणारच नाही. तो म्हणेल, 'शेतात कामाला माणसंच मिळत नाहीत, पोरं सगळी शहरात जातात.' निबंध म्हटला की वाक्य भारदस्त हवे असा त्याचा समज असतो, आणि षष्ठीची साखळी वाढत गेली की मेळ सुटतो.

अशा वाक्यांत एक गोष्ट लक्ष देऊन पाहण्यासारखी आहे. नाम हातून सुटले की विद्यार्थ्याचे क्रियापद बहुतेक वेळा 'ले'वर येऊन थांबते : सहल गेले, परीक्षा झाले, शाळा सुरू केले. ही निवड आंधळी नाही. क्रियापदाला जुळायला काहीच नसते तेव्हा मराठी स्वतः नपुंसकलिंगी एकवचनी रूप वापरते, भावे प्रयोगात तेच होते. म्हणजे 'ले' लिहिणाऱ्या मुलाला मेळाची कल्पना नाही असे नव्हे. वाक्य मध्येच हातातून निसटले आणि आधाराला त्याने भाषेतलेच सर्वांत तटस्थ रूप धरले. तपासणाऱ्याला हे कळले तर दुरुस्तीची दिशा बदलते. लिंग शिकवण्याऐवजी वाक्य आखूड करायला शिकवावे लागते.

'पाहिजे'ची चूक तर निबंधाच्या स्वभावातच आहे. शालेय निबंध उपदेशाकडे झुकतो, त्यामुळे प्रत्येक पानावर 'पाहिजे' असते. 'आपण पाणी वाचवले पाहिजे' बरोबर. 'आपण झाडे लावली पाहिजे' लिहिले की 'पाहिजेत'मधला 'त' गळतो. 'प्लॅस्टिकच्या पिशव्या वापरू नये', 'मुलांना खेळायला मैदाने हवे' ही त्याच घरातली भावंडे. तिथे 'नयेत' आणि 'हवीत' पाहिजे. अनेकवचनाचा हा मेळ बोलण्यात बऱ्याच भागांत ढिला झाला आहे, त्यामुळे कान मदत करत नाही. तो सांगूनच शिकवावा लागतो.

'ने' लागणारी आणि न लागणारी क्रियापदे हा एक वेगळाच पेच आहे. भूतकाळात सकर्मक क्रियापदाच्या कर्त्याला 'ने' लागतो हा नियम मुलाने आत्मसात केला की तो 'तिने छत्री विसरली', 'तिने साडी नेसली' असे लिहू लागतो. प्रमाण मराठीत 'ती छत्री विसरली', 'ती साडी नेसली', 'तो चहा प्याला', 'तो धडा शिकला'. ही क्रियापदे सकर्मक असून 'ने' घेत नाहीत. 'म्हणणे' तर दोन्हीकडे आहे : 'तो म्हणाला', पण 'त्याने गाणे म्हटले'. 'तिने छत्री विसरली' लिहिणाऱ्या मुलाने नियम मोडलेला नाही. भाषेने जिथे अपवाद ठेवला तिथेही त्याने नियम पाळला. तिथे नुसती काट मारणे अन्यायाचे आहे. अपवाद आहेत तरी किती, याची छोटी यादी वर्गाच्या भिंतीवर लावली तर हा प्रश्न सुटतो.

चूक नेमकी कशाला म्हणायचे यावर खुद्द व्याकरणकारांचे एकमत नाही. 'आईने मुलीला निजवली' या वाक्यात कर्माला 'ला' लागला आहे, तरी क्रियापद मुलीशी जुळले आहे. काटेकोर हिशेबाने 'निजवले' हवे. पण असे प्रयोग मराठीत आहेत आणि व्याकरणाने त्यांना कर्म-भाव संकर असे नाव देऊन जागाही दिली आहे. 'तू चिंचा खाल्ल्यास' हा कर्तृ-कर्म संकर तर शिष्ट मराठीत रूढ आहे. अरविंद मंगरूळकरांचे 'मराठी व्याकरणाचा पुनर्विचार' आणि कृ. श्री. अर्जुनवाडकरांचे 'मराठी व्याकरण : वाद आणि प्रवाद' ही पुस्तके शिक्षकांनी वाचावीत ती यासाठी. आपण ज्याला पक्का नियम समजतो तो कुठे कुठे वादात आहे हे ठाऊक असले की लाल पेन जपून चालतो. वादातल्या जागी मुलाला शिक्षा नको.

आदरार्थी बहुवचन हाही मेळाचाच भाग, पण त्याची चूक व्याकरणाइतकीच मनाची आहे. 'बाई आल्या' आणि 'आई आली' यांतला फरक मराठी मूल शाळेत येण्याआधीच जाणते. तरी महापुरुषांवर लिहिताना 'त्यांनी'चे 'त्याने' होते, 'गेल्या'चे 'गेली' होते. पुष्कळदा कारण एवढेच, की वाक्याची सुरुवात पाठ्यपुस्तकातून आलेली असते आणि शेवट मुलाचा स्वतःचा असतो. पुस्तकात 'त्यांनी' असते, गोष्ट सांगण्याच्या ओघात ती व्यक्ती मुलाच्या जवळची होते आणि एकेरीवर येते. हा सांधा दाखवून दिला तर मुलाला तो पटकन दिसतो.

दुसरा मोठा गट जोड्यांचा. मराठीत मिश्र वाक्य दोन खुंट्यांवर टांगलेले असते : जर-तर, जरी-तरी, जो-तो, जेव्हा-तेव्हा, जसे-तसे. 'जरी तो आजारी होता पण तो आला' यात पहिली खुंटी एका घरची आणि दुसरी दुसऱ्या घरची. 'जरी' काढून 'पण' ठेवा, नाहीतर 'पण'च्या जागी 'तरी' घाला. यातही बोली आणि लेखी यांचा फरक आहे. 'तू आलास तर मी येईन' यात 'जर' नाही आणि काही बिघडले नाही, कारण मराठीत पहिला शब्द गाळता येतो. दुसरा गाळला की वाक्य लंगडते : 'जे विद्यार्थी रोज वाचतात, चांगले लिहितात.' इथे 'ते' हवेच. हे एवढेच सूत्र, म्हणजे 'ज'चा शब्द गाळता येतो, 'त'चा जपावा, मुलांना दिले तर निम्मे काम होते.

कारण सांगतानाची दुहेरी गाठ मोठ्यांच्या लेखनातही भरपूर सापडते. 'पीक न येण्याचे कारण पाऊस वेळेवर न पडल्यामुळे आहे.' 'कारण' एकदा सांगून झाले, पुन्हा 'मुळे' कशाला? 'पाऊस वेळेवर न पडल्यामुळे पीक आले नाही' एवढे पुरते. 'मी आजारी होतो म्हणून त्यामुळे शाळेत आलो नाही' हे त्याच जातीचे. मुलाला आपले कारण पोचले नसेल अशी धास्ती वाटते, म्हणून तो ते दोनदा बांधतो.

'ऊन'चा प्रश्न अधिक नाजूक आहे आणि इथे इंग्रजी व्याकरणातला नियम जसाच्या तसा उचलून चालत नाही. 'घरी जाऊन आईने मला जेवायला वाढले' असे मूल लिहिते तेव्हा घरी गेले ते मूल, पण वाक्याप्रमाणे गेली आई. 'ऊन' लावलेल्या क्रियेचा कर्ता आणि मुख्य क्रियेचा कर्ता सहसा एकच असतो. इथे 'मी घरी गेल्यावर आईने मला जेवायला वाढले' असे हवे. 'ल्यावर' आणि 'ताना' मात्र वेगळा कर्ता खपवून घेतात : 'आम्ही शाळेत जाताना पाऊस आला' हे निर्दोष मराठी आहे. आणि 'ऊन'लाही सवलत आहे : 'पाऊस पडून रस्ते निसरडे झाले' यात कर्ते दोन आहेत, तरी कोणाच्या कानाला खटकत नाही, कारण पहिल्या क्रियेचा परिणाम दुसरी क्रिया आहे. म्हणून कर्ते वेगळे दिसले की काट मारायची असा यांत्रिक नियम करू नये. विद्यार्थ्याला एकच विचारावे : घरी कोण गेले? उत्तर आणि वाक्य जुळत नसेल तर तो स्वतः बदल करील.

विरामचिन्हांचे थोडक्यात सांगतो. मोडीत शब्द तोडून लिहिण्याची रीत नव्हती. इंग्रजी धर्तीची विरामचिन्हे मराठीत एकोणिसाव्या शतकात आली आणि त्याचे श्रेय मेजर थॉमस कँडी यांना दिले जाते. पूर्णविराम न देता 'आणि', 'मग', 'त्यामुळे' यांवर अर्धे पान चालवणारा मुलगा गोष्ट सांगण्याची तोंडी रीत कागदावर उतरवत असतो. त्याला 'मोठ्याने वाच, जिथे श्वास घेशील तिथे थांब' असे सांगितले की बरेच पूर्णविराम आपोआप पडतात. वाक्याची सुरुवात 'पण'ने, 'आणि'ने किंवा 'कारण'ने करणे ही चूक नव्हे. चांगले मराठी लेखक ते नेहमी करतात. शब्दयोगी अव्यये तोडून लिहिणे, 'मुलां साठी', 'घरा मध्ये', ही मात्र वाढती चूक आहे. हिंदी वाचनाची सवय तिच्यामागे आहे आणि फोनवर शब्द निवडून टंकताना आपोआप पडणारी मोकळी जागाही.

परभाषेच्या छायेबद्दल आपल्याकडे नुसता संताप पुष्कळ होतो. छाया नेमकी कुठे पडते ते पाहणे अधिक उपयोगी. हिंदीची छाया बहुधा विभक्तीवर पडते : 'त्याची मदत केली' (मराठीत 'त्याला मदत केली'), 'खूप सारी मुले'. इंग्रजीची छाया रचनेवर : 'तो असा मुलगा आहे जो सगळ्यांना मदत करतो', 'हे पुस्तक त्यांच्याद्वारे लिहिले गेले', 'त्याने त्याचे दप्तर उघडले' (कोणाचे? 'आपले' म्हटले की शंका मिटते). तिसरी छाया आपणच पाडलेली आहे, ती म्हणजे सरकारी मराठीची. 'शाळेत वृक्षारोपण करण्यात आले', 'मान्यवरांचे स्वागत करण्यात आले'. सूचनाफलक आणि परिपत्रके वाचून मोठे झालेले मूल स्वतःच्या सहलीबद्दलही 'डबे खाण्यात आले' असे लिहू लागले तर त्याला बोल लावता येत नाही. मला ही छाया पहिल्या दोहोंपेक्षा घातक वाटते, कारण तिच्यात कर्ताच नाहीसा होतो, आणि शिक्षक तिला चांगली भाषा समजून शाबासकी देतात.

बोलीचे काय, या प्रश्नावर भूमिका घ्यावीच लागते. कोल्हापूरकडची मुलगी 'मी काल आलो' असे सहज म्हणते. तिच्या घरात, तिच्या गल्लीत बायका तसेच बोलतात. विदर्भातला मुलगा 'तो जेवून राहिला' लिहितो, म्हणजे जेवतो आहे. त्यांच्या वहीत 'चूक' असा शेरा पडतो तेव्हा त्यांच्या आईची भाषा चूक ठरते. तो शेरा खोटा आहे. ही रूपे आपापल्या भागात नियमाने चालतात, फक्त परीक्षेच्या कागदावर दुसरे रूप अपेक्षित असते. 'घरी असे, कागदावर असे' अशा दोन ओळी समोरासमोर लिहून दिल्या तर मुलाला दोन्ही येतात. प्रमाणभाषा शिकवायची नाही असे मी मुळीच म्हणत नाही. ती न शिकवणे म्हणजे त्या मुलांना पुढच्या दारांपासून वंचित ठेवणे आहे.

गडचिरोली-चंद्रपूरच्या गोंडी बोलणाऱ्या मुलांची आणि मेळघाटातल्या कोरकू मुलांची गोष्ट आणखी पुढची आहे. गोंडी द्राविडी कुळातली आणि कोरकू मुंडा कुळातली. मराठीतली तीन लिंगे या भाषांत तशी नाहीत. कोरकूत भेद आहे तो सजीव आणि निर्जीव असा. त्या मुलाने 'खुर्ची मोडला' लिहिले तर त्याच्या कानात मदतीला काहीच नाही. पुण्यातल्या मराठी घरातल्या मुलाने तेच लिहिले तर त्याचे लक्ष उडालेले असते, एवढेच. बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अमेरिकेतल्या मराठी शाळांत येणारी मुले या दोहोंच्या मधे कुठेतरी असतात : घरात मराठी ऐकतात, समजतात, पण लिंग हातात राहत नाही.

इथे भाषाशिक्षणातले एक जुने संशोधन कामाला येते. एस. पिट कॉर्डर यांनी १९६७ मध्ये शिकणाऱ्याच्या चुकांचे दोन भाग केले : एक, नियम ठाऊक असून निसटलेली चूक, दुसरी, नियमच अजून मनात तयार न झाल्याने होणारी. पहिली मुलगा स्वतः दुरुस्त करू शकतो, दुसरी नाही. या कसोटीवर पुण्याचे आणि मेळघाटचे 'खुर्ची मोडला' वेगळे होतात. पहिल्याला 'पुन्हा वाच' म्हणणे पुरते. दुसऱ्याला नाम आणि त्याचे लिंग एकत्र, 'ती खुर्ची', 'तो पाट', 'ते बाक', असे तोंडी घोळवून शिकवावे लागते. त्याला 'पुन्हा वाच' म्हणणे म्हणजे त्याचा वेळ वाया घालवणे.

न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजात १९७०नंतर प्रवेश खुला झाला आणि लिहिण्याची सवय नसलेली हजारो तरुण मुले वर्गात आली. मिना शॉनेसी यांनी त्यांच्या सुमारे चार हजार प्रवेशनिबंधांचा अभ्यास करून १९७७ मध्ये पुस्तक लिहिले. त्यांचे सांगणे असे, की या चुका वरवर गोंधळाच्या दिसतात, पण त्यांच्यामागे विचार असतो आणि शिक्षकाने आधी तो वाचायला शिकावे. 'ले'वर थांबणारे क्रियापद आणि 'तिने छत्री विसरली' ही आपली उदाहरणे त्याच सांगण्याला दुजोरा देतात.

मग दुरुस्तीचा उपयोग होतो की नाही? जॉन ट्रस्कॉट यांनी १९९६ मध्ये, दुसरी भाषा शिकणाऱ्यांच्या लेखनातल्या व्याकरणाच्या चुका दुरुस्त केल्याने काही साधत नाही, उलट नुकसान होते, असे ठामपणे मांडले. डेना फेरिस यांनी १९९९ मध्ये उत्तर दिले आणि वाद बरीच वर्षे चालला. न्यूझीलंडमध्ये जॉन बिचनर यांनी एक-दोन ठरावीक प्रकारच्या चुकांपुरतीच दुरुस्ती करून पाहिली आणि त्याचा फायदा टिकल्याचे २००८ मध्ये दाखवले. मला यातून घेण्यासारखे वाटते ते हे : सगळ्या चुकांवर एकदम लाल शाई ओतणे निरुपयोगी, एकाच प्रकारावर ठरवून काम करणे उपयोगी. रिचर्ड हॅसवेल यांचा १९८३ मधला प्रयोग तर आपल्या वर्गांसाठीच केल्यासारखा आहे. ज्या ओळीत चूक आहे तिच्यासमोर समासात फक्त एक खूण करायची, चूक सांगायची नाही, दुरुस्तही करायची नाही. विद्यार्थ्याने ती शोधायची. त्यांच्या विद्यार्थ्यांनी सुमारे ६० टक्के चुका स्वतःच दुरुस्त केल्या.

यात वेळेचाही प्रश्न सुटतो. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पाचवीपर्यंत ३० आणि सहावी ते आठवी ३५ मुलांमागे एक शिक्षक असावा; वरच्या वर्गांत ५० मुले असणे नवलाचे नाही. एका वहीला पाच मिनिटे धरली तर ५० वह्यांना २५० मिनिटे, म्हणजे चार तासांहून अधिक, आणि तेही एका निबंधासाठी, एका वर्गाचे. एवढे करून मुलगा काय करतो? गुण पाहतो आणि वही मिटतो.

प्रत्यक्ष काम कसे चालावे हे एका परिच्छेदावर दाखवतो. वह्यांत नेहमी दिसणाऱ्या चुका एकत्र करून मी तो रचला आहे :

'आमच्या शाळेची सहल रायगडावर गेले होते. पहाटे पाच वाजता उठून आईने डबा दिला. जरी थंडी खूप होती पण आम्हाला मजा आली. गड चढताना सरांनी इतिहास सांगितला. महाराजांचा राज्याभिषेक १६७४ मध्ये तिथे झाला. तो खूप मोठा राजा होते.'

पहिल्या फेरीत फक्त क्रियापदे. मुलाला वाक्याच्या शेवटी बोट ठेवायला सांगायचे आणि तिथून मागे यायला लावायचे. 'गेले होते. काय गेले?' 'सहल.' 'सहल गेला, गेली की गेले?' मराठी घरातले मूल इथे क्षणभरही थांबत नाही. मग शेवटचे वाक्य : 'होते. कोण?' 'महाराज.' 'मग तो की ते?' 'ते खूप मोठे राजे होते' हे त्याच्याच तोंडून येते. दुसऱ्या वाक्यावर या फेरीत बोलायचे नाही. त्याचा मेळ बरोबर आहे, घोटाळा अर्थाचा आहे, आणि तो नंतरच्या फेरीत 'पाच वाजता कोण उठले?' या प्रश्नाने सुटेल. 'जरी-पण'ही या फेरीत नाही. 'गड चढताना सरांनी' या रचनेत काही चूक नाही, तिला हात लावू नये. शेवटी मुलाने तेवढीच दोन वाक्ये पुन्हा लिहायची, अख्खा निबंध नव्हे. 'सुधारून पाच वेळा लिही' ही शिक्षा मला मान्य नाही. पाचव्या वेळी मूल हाताने लिहीत असते आणि डोक्याने खिडकीबाहेर असते.

याच्या जोडीला वर्गाची एक वही ठेवता येते. तिच्यात चुकलेले वाक्य मुलाच्या नावाशिवाय लिहायचे, खाली दुरुस्त वाक्य, आणि त्याखाली एका ओळीत चूक का झाली असावी याचा अंदाज : नाम लांब पडले, अपवाद ठाऊक नव्हता, घरची भाषा वेगळी, पुस्तकातली ओळ आणि स्वतःची ओळ जोडली. हा अंदाज शक्यतो मुलांनीच करावा. दोन-तीन महिन्यांत त्या वर्गाच्या चुकांचा कल दिसू लागतो, आणि तो शेजारच्या तुकडीपेक्षाही वेगळा असू शकतो. जिल्हा परिषदेच्या शाळेतली, इंग्रजी माध्यमात मराठी शिकणारी आणि आश्रमशाळेतली वही एकमेकींशेजारी ठेवली तर शिक्षकांच्या प्रशिक्षणात कशावर बोलायचे हे त्या वह्याच सांगतील.

वर्षाची आखणीही त्यावरून करता येते. जूनपासून सहामाहीपर्यंत फक्त क्रियापदाचा मेळ, 'पाहिजेत' आणि आदरार्थी रूपे धरून. दिवाळीनंतर जर-तर, जरी-तरी या जोड्या आणि कारणाची दुहेरी गाठ. जानेवारीत 'ऊन' आणि लांबलेली वाक्ये. त्या त्या काळात लाल खूण त्याच एका प्रकारासाठी राखायची आणि बाकीच्या चुकांना गुण कापायचे नाहीत. तसे वर्गाला पहिल्याच दिवशी, आणि पालकसभेत पालकांनाही, स्पष्ट सांगावे. नाहीतर 'वही नीट तपासली जात नाही' अशी तक्रार घेऊन कोणी ना कोणी मुख्याध्यापकांकडे जाईलच.